पाटी मोजणारे साहेब

"अंदाजपंचे नाही हं चालणार!" असं म्हणून ते खिशातून शिंप्याची टेप काढत, तेव्हा आम्ही कारकून फायलीआड तोंड लपवून हसायचो. बनारसच्या कर-कचेरीतले हे आमचे साहेब. जन्म रामघाटावरचा, घर मराठी, बोलणं अर्धं हिंदी. तुमच्याही ऑफिसात असा एखादा नमुना असेलच. नियम तोंडपाठ आणि अक्कल गहाण!

नव्वद-पंच्याण्णवच्या मधली गोष्ट. साहेबांच्याच गल्लीत एक विधवा बाई केसांना लावायचं तेल बनवत. वीस बायका त्यांच्याकडे बाटल्या भरायच्या. तेलाच्या प्रत्येक पेटीत दुकानदारासाठी जाहिरातीची एक पत्र्याची पाटी जायची. पाट्या घेताना जो कर भरला, तो तेलावरच्या करातून बाईंनी वजा करून घेतला. घोडं अडलं ते चित्रापाशी. पाटीवरची सुंदरी एका हातात तेलाची बाटली धरून दुसऱ्या हाताने फणी फिरवत होती, आणि फण्या बाई बनवत नसत, नुसत्या आणून विकत. आपण न बनवलेल्या मालाच्या जाहिरातीवर सूट कसली, असं साहेबांचं म्हणणं.

झालं! पाटी टेबलावर आडवी. बाटली किती इंच, फणी किती इंच. सुंदरीचे केस मात्र गुडघ्यापर्यंत. ते कुणाचे धरायचे? तीन दिवस डोकं खाजवून साहेबांनी निकाल दिला: फणी केसांत आहे, सबब केस फणीचे. मी दोन वेळा चहा प्यायलो तेव्हा कुठे माझ्याने तो कागद टाइप करवला.

बाई धावत आल्या. "अहो भाऊजी, तेलाशिवाय त्या केसांतून फणी फिरेल तरी का?"

"कचेरीत मी भाऊजी नाही, वहिनी. जे दिसलं ते मोजलं. आपण अपील करा."

"आणि तोवर माझ्या वीस बायकांनी काय खायचं?"

साहेब टेप गुंडाळत बसले. या माणसाने बाईंच्या नवऱ्याला खांदा दिला होता, बरं का! मला तर टेपनेच त्यांचा गळा आवळावासा वाटला.

सूट गेली, वर दंड बसला. वर्षाच्या आत कारखान्याला कुलूप लागलं.

अपिलाचा निकाल दोन वर्षांनी आला. पाटी सगळी तेलाचीच, सूट द्या, दंड रद्द. असे कागद टपालाने जातात. पण हे महाशय स्वतः निघाले आणि मलाही ओढलं. खाली कारखान्याच्या जागी साड्यांचं गोदाम झालं होतं. वरच्या खोलीत बाईंनी कागद वाचला, घडी घातली.

"जिंकलो म्हणता? मग त्या बायकांनाही सांगून या."

टोमणा होता हो! शेंबड्या पोरालाही कळला असता. आमच्या साहेबांनी पेन काढलं आणि म्हणाले, "नावं सांगा."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग एकेक नाव सांगत गेल्या आणि हे लिहीत गेले. मी वाटभर मनात शिव्या घालत घरी आलो.

पुढच्याच महिन्यात साहेब निवृत्त झाले. हार नको, भाषण नको म्हणाले. आम्हालाही फारशी हौस नव्हती. मुलीकडे जबलपूरला गेले ते परत दिसले नाहीत. कुणी चौकशीही केली नाही, मीसुद्धा नाही.

पुढे एकदा भाजीबाजारात परवल विकणाऱ्या बाईने मला ओळखलं. त्या वीस जणींतलीच एक, कारखान्याच्या तपासणीला मी जायचो ना. म्हणाली, "आपके साहब आए रहे, बाबूजी. धूप में, पूछते-पूछते. बोले, आप लोग जीत गईं."

"मग?"

"हम पूछे, तो कल से काम पर आएँ?" तिने तराजूत परवल टाकलं. "साहब वहीं चौखट पर बैठ गए."