येसकराची वाक्यं

"चप्पल काढून उभी राहा. जरा इफेक्ट येईल."

सर म्हणले आन् मी गुमान काढली. कशाला म्हणून विचारलंबी न्हाई.

शिरूरला कॉलेजात मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. विषय मराठी. कॉलेजच्या कार्यक्रमात एका जुन्या ग्रामीण गोष्टीचं अभिवाचन ठरलं होतं. स्टेजवर हातात कागद घेऊन ज्यानं त्यानं आपल्या वाट्याची वाक्यं वाचायची. पाटील दिला एका बागायतदाराच्या पोराला. पाटलीण, कारभारी, निवेदक, सगळे ठरले. राहिला येसकर. गावकीची कामं करून पाटलाच्या दारात भाकरी मागणारा. वर्गात पोरं पंधरा. येसकर बाप्या माणूस. तरी सर माझ्याकडं बघून म्हणले, "हे तू वाच. तुझ्या तोंडी ओरिजिनल वाटेल."

वर्ग फिदीफिदी हसला. बाकीच्यांना खुर्च्या दिल्या. मला न्हाई. येसकर लांब उभा असतो म्हणं.

खरं सांगू? मला आनंद झाला होता. वाचायला मिळतंय याचा. मला वाचायचं येड हाय, भेळीचा कागदबी वाचल्याबिगर मी टाकत न्हाई. पण त्या आनंदाची मला आज लई लाज वाटती.

घर न्हावऱ्याला, बौद्धवस्तीत. बाप रांजणगावला कंपनीत, कंत्राटी. आई दुसऱ्याच्या वावरात कांदे काढायला. मला वाचनाची गोडी लावली आज्यानं. त्याला सोताला अक्षर येत नव्हतं. लहानपणी एसटीची पाटी दिसली की म्हणायचा, "वाच गं बाय. मोठ्यांदी वाच." मी वाचलं की आजूबाजूला बघायचा, कुणी ऐकलं का म्हणून.

तरुणपणी आज्यानं काय काम केलं, ते घरात कुणी बोलत नव्हतं. मीबी कवा विचारलं न्हाई. वर्षभर त्याचं भान हरपत चाललं होतं. जेवलेलं विसरायचा, मला त्याची बहीण समजायचा.

कार्यक्रमाला चार दिवस होते. भर दुपारी मी घरात सराव करत होते. चांगलं व्हावं म्हणून सगळ्यांचीच वाक्यं म्हणत होते. पाटलाचा जाड आवाज काढून मी ओरडले, "कोण हाय रं तिकडं?"

आजा खाटेवरनं उठला. टोपी काढली. उंबऱ्याजवळच्या वहाणा उचलून काखेत धरल्या. बाहेर अंगणात जाऊन वाकून उभा राहिला.

"म्या हाय जी. येसकर."

हे माझ्या कागदावरचंच वाक्य. मी ते घरात अजून एकदाबी म्हणलं नव्हतं.

आई पिठाच्या हातानं धावली. "आबा, आत या. आपलंच घर हाय." तो हलंना. डोक्यावर ऊन मरणाचं. मग मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी त्याच जाड आवाजात म्हणले, "ये आत."

त्यानं माझ्याकडं बघून हात जोडले. "न्हाई जी. बाटंल."

पाय दमले तवा तिथंच मातीत बसला. आम्ही उचलून आत आणला. दुसऱ्या दिवशी त्याला काहीच आठवत नव्हतं. माझ्या कानातनं मात्र ते जाईना. एसटीत, लायब्ररीत, कुठलंबी पान उलटलं की तेच. न्हाई जी. बाटंल.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरलेला. मी कोपऱ्यात उभी, पायात चप्पल. सरांनी पडद्याआडून माझ्या पायाकडं बोट केलं. मी बघून न बघितल्यागत केलं. पाटलानं वाचलं, "कोण हाय रं तिकडं?" त्यानं परत वाचलं. मी माईक तोंडाजवळ घेतला.

"त्याला आधी आत घ्या. मग पुढचं वाचते."

सर दबक्या आवाजात म्हणले, "कागदावर आहे तेवढंच वाच."

"न्हाई वाचत, सर."

एक खुर्ची ओढून मी बाकीच्यांच्या रांगेत बसले. सरांनी पडदा पाडला.

नंतर सर स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणले, "तुला साहित्य कळत नाही. कलेत जात कशाला आणतेस?" कुणी आणली? पंधरा पोरं सोडून मला कुणी उठवलं? चप्पल कुणी काढायला लावली? हे तवा सुचलं न्हाई. आता रोज सुचतं. त्या दिवसापासून वर्गात मला वाचायला कुणी उठवत न्हाई.

दिवाळीनंतर आजा गेला. तरी दुपारच्या वक्ताला मला अंगणात बघवत न्हाई. तो तिथंच उभा असतो, काखेत वहाणा. कितीबी बोलवा, आत येत न्हाई.

मी मराठी सोडणार न्हाई. एम.ए. करीन, मास्तरीण होऊन असल्याच वर्गात उभी राहीन. ती गोष्टबी वगळणार न्हाई. त्यातली आज्याची वाक्यं मीच वाचीन, त्याचं नाव सांगून. मोठ्यांदी. पायात चप्पल ठेवून.