उझमाचे दहा आकडे

मला लिहायची सवय नाही. उझमा नाखवाबद्दल दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर बरं झालं असतं. पण तिच्याबद्दल कोण लिहिणार?

नाटे गावची ही मुलगी रत्नागिरीत आमच्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळायची. नेमणूक अकरा महिन्यांची, दरवर्षी नव्याने. मी तिथला निवृत्त शिक्षक, नेमणुकांच्या समितीवर नावापुरता.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये लॅबमध्ये नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली आणि कंपायलर बिघडू लागला. मुलांनी लिहिलेल्या कोडमधून चालणारी फाइल बनवून देणारा तो प्रोग्राम. तोच कोड, तेच मशीन. कधी फाइल बने, कधी ‘फाइल लिहिता येत नाही’ म्हणून अडे.

विभागप्रमुख विनीत सर म्हणाले, "हिनेच काहीतरी वाकडंतिकडं बसवलं असणार."

उझमाने तीनदा सगळं काढून पुन्हा बसवलं. मग प्रत्येक बिघाड वहीत लिहू लागली. महिन्याभराने तिच्या लक्षात आलं, की चटपटीत हातांची मुलंच अडकतात. नव्या सिस्टिममधला व्हायरस रोखणारा पहारेकरी नुकतीच बनलेली फाइल तपासायला काही क्षण धरून ठेवी. तेवढ्यात कोणी पुन्हा कंपाइल केलं, की तीच फाइल लिहिता येईना.

आमचं फोल्डर सोड, एवढंच त्या पहारेकऱ्याला सांगायचं होतं. पण त्याला सरांचा पासवर्ड लागे. तोवर तिने मुलांना सांगितलं, "एकदा झालं की दहा मोजा, मगच पुन्हा करा." मुलं मुद्दाम मोठ्याने मोजत.

सर दारात येऊन म्हणाले, "कंपायलरला कौल लावताय काय गो?"

"सर, तुम्हीच करून बघा."

सर एका बोटाने टाइप करणारे. आठ वेळा केलं, आठही वेळा चाललं.

"माझ्या हातून बरं चालतं ते?"

"सर, जरा भराभर दाबा ना."

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. तिथेच बिनसलं. पासवर्ड काही मिळाला नाही.

त्याआधी तिने मलाही दाखवलं होतं. माझाही हात संथ, काही अडेना. "काका, आता माझं बघा," म्हणत तिने भराभर दहा वेळा केलं. सहा वेळा अडलं. मला नीट कळलं होतं.

एप्रिलात समिती बसली. "मी स्वतः तपासलंय, मशीनमध्ये दोष नाही," सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तुम्हाला दाखवलं म्हणते ती. पाहिलंत?"

मी म्हणालो, "मला त्यातलं काय कळतं, सर?"

सगळे हसले. चहा आला. उझमाची नेमणूक झाली नाही.

आता लॅबच्या दारावर छापील कागद आहे: ‘पुन्हा कंपाइल करण्यापूर्वी दहा आकडे मोजावेत. विभागप्रमुख.’

उझमा एसटी स्टँडजवळच्या दुकानात लोकांचे फॉर्म भरून देते. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी मी तिथेच गेलो. इतर दुकानं होती, तरी गेलो. यंत्रावर माझा अंगठा दोनदा उमटला नाही.

"काका, घाई नको. ठेवा तसाच, मी मोजते."

ती मोजत होती. लॅबच्या दारावरच्या त्या कागदाबद्दल, समितीत मी काय बोललो त्याबद्दल, सांगायचं ठरवूनच गेलो होतो. दहा झाले.

"झालं," ती म्हणाली. मी अंगठा पुसला आणि उठलो.