तांडेलाची नजर

दुपारचं जेवण झालंय. जेवण कसलं, दोन घास. अंगणात जवळा वाळत घातलाय, कावळे बसू नयेत म्हणून मी ओटीवर आडवी पडते, एक डोळा उघडा ठेवून. चारच्या भरतीला आमची बोट सुटणार. आतल्या खोलीत माझा मुलगा भावेश पिशवी भरतोय. माझ्याशी बोलत नाही. नाही तर नाही. मीही तोंडाची फाटकी, सकाळी नको नको ते बोलून बसलेय.

पण तुम्हीच सांगा, बोलू नको तर काय करू? हसुराम तांडेलाची बायको मी. चाळीस वर्षं त्यांनी बोट हाकली. अख्खं बंदर म्हणायचं, हसुरामसारखी नजर दुसऱ्या कुणाची नाही. मासळी पाण्याखाली असते आणि ह्याला वरून दिसते. दोन वर्षांपूर्वी लाटेने त्यांना बोटीवरून उचलून नेलं. आता त्यांचा मुलगा पुण्याची नोकरी सोडून आलाय, चार खेपा केल्या आणि चारही वेळा ओकून आला. बोट लागते म्हणे! कोळ्याच्या पोराला! मी म्हटलं, बापाचं नाक कापलंस मेल्या. मेडिकलमधून गोळ्या आणल्या होत्या त्याने, त्या मी चुलीत घातल्या. आणि दर खेपेला त्याला उपाशी पाठवते. पोटात काही नसलं तर ओकेल काय, माती? आजही उपाशीच जायचाय. "ओकायला आलंच तर मागे जा, कोपऱ्यात. खलाशांना कळू देऊ नकोस," एवढं मात्र बजावून ठेवलंय.

डोळा जड होतो. ओटीची फरशी जराशी हलते. वर येते, खाली जाते. मी मनात म्हणते, उठायला हवं, जवळा पालटायचा राहिलाय.

"चांगुणे, भाकरी आहे का?"

मी स्वयंपाकघरात उभी आहे. चुलीपाशी हे बसलेत. उघडे, कमरेला रुमाल, डोक्यातून पाणी गळतंय. मला काही नवल वाटत नाही. एवढंच मनात येतं की आत्ताच फरशी पुसली होती.

"बसा. कालवण गरम करते."

"कालवण नको. कोरडी दे, मीठ लावून."

हे असंच. चाळीस वर्षं निघताना कोरडी भाकर आणि रुमालात लिंबाच्या लोणच्याची फोड. कालवणाला कधी बोट लावलं नाही.

"माझ्या हातचं तुम्हाला कधी गोडच लागलं नाही," मी म्हणते. दोन वर्षांनी नवरा भेटतोय, तोही मेलेला, आणि मी काय काढते, तर कालवणावरून भांडण.

ते हसतात. "अगं, तुझ्या कालवणावर जीव होता माझा. पण तेल-तिखट पोटात घेऊन निघालो असतो तर अर्ध्या वाटेत दर्याला वाढलं असतं."

"म्हणजे?"

"म्हणजे मला बोट लागायची."

भाकरी माझ्या हातातून सुटते. खाली पडत नाही, जमिनीवर इकडून तिकडे घसरत राहते. चुलीच्या धुराला डिझेलचा वास येतोय. चूल धडधडतेय.

"काहीतरी बोलू नका! मेल्यावर थट्टा सुचते?"

"थट्टा नाही गं. पहिल्या खेपेला लागली आणि शेवटच्या खेपेलाही लागली. सवय होईल म्हणत राहिलो. काहींना होते. मला झाली नाही."

ह्या माणसाचे कपडे मी धुतले, ह्याला दोन मुलं दिली, आजारपणात ह्याचं सगळं केलं. आणि मला ठाऊक नाही?

"आणि ती नजर? लोक शपथा घेतात तुमच्या नजरेच्या!"

"नजर कसली घेऊन बसलीस! खाली जाळ्याकडे बघितलं की पोट ढवळायचं. म्हणून लांब बघायचो. पाणी संपतं तिथे एक रेघ असते, चांगुणे. बोटीवर सगळं हलतं, ती तेवढी हलत नाही. दिवसभर तिला धरून राहायचो. बघता बघता कुठे पक्षी दिसायचे, कुठे पाण्याचा रंग बदललेला दिसायचा. लोक म्हणायचे, तांडेलाला मासळी दिसली."

"लग्नात अंतरपाट खाली आला तरी तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता, मांडवाबाहेर बघत होता," मी म्हणते. आणि आम्ही मांडवात आहोत, मुंडावळ्या बांधून, मांडव एका कुशीवर कलतोय, अक्षता सगळ्या एका बाजूला सरकतायत.

"गर्दी, धूर, अत्तराचा वास," ते हळूच म्हणतात. "तिथेही ओकायला आलं होतं."

मला हसू येतं, आणि हसता हसता संतापही येतो. चाळीस वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला ह्या माणसाने, आणि बायकोला एका शब्दाने सांगितलं नाही!

हे मेडिकलच्या काउंटरमागे उभे आहेत. अजून उघडेच. माझ्यासमोर गोळ्यांची पट्टी धरतात.

"ही निघायच्या आधी तासभर घ्यायची. ओकायला लागल्यावर गिळून काय उपयोग? हिच्यावर दारूचा थेंब नाही. झोप येते हिने, म्हणून पहिल्या दिवशी कडेला उभं राहायचं नाही. इंजिनाच्या धुरापासून लांब, बोटीच्या मध्यावर बसायचं, तिथे कमी हलतं. तोंडात आल्याचा तुकडा ठेवायचा. पोरगा काय खाऊन निघतो?"

मी पट्टीवरच्या गोळ्या मोजायला लागते.

"चांगुणे, काय खाऊन निघतो तो?"

"काही नाही," मी म्हणते. "उपाशी पाठवते."

त्यांचा चेहरा उतरतो. मला वाटतं ओरडतील. जिवंतपणी ओरडायचे, सगळी वाडी ऐकायची. आता ओरडत नाहीत, आणि त्याचीच मला भीती वाटते.

"रिकामं पोट जास्त ढवळतं गं. डोळ्यांपुढे अंधारी येते. उपाशी माणूस वाकला की त्याला वर येता येत नाही."

"कुठे वाकला की?"

"इथे."

काउंटरच्या पलीकडे पाणी आहे. आम्ही बोटीच्या मागच्या टोकाला उभे आहोत, जाळ्यांच्या ढिगाच्या आडोशाला. ऊन आहे. पाणी ताटातल्यासारखं शांत आहे.

"ही माझी जागा," ते म्हणतात. "इथे वाकलं की कुणाला दिसत नाही."

"तुम्हाला लाटेने नेलं," मी म्हणते. माझा आवाज मलाच परका वाटतो.

"त्या दिवशी लाट कुठे होती? मी ओकायला वाकलो होतो."

"खोटं! सहा माणसं होती बोटीवर! सहाच्या सहा आंधळी होती? एकालाही दिसू नये?"

"सगळ्यांच्या पाठी होत्या माझ्याकडे."

"पाठी? का?"

त्यांनी पोट धरलंय. ते वाकतात, आणखी वाकतात, आणि मी झडप घालते. खांदा धरते, हात सटकतो. पाठ धरते, ओली, सटकते. अंगात सदरा नाही, धरू तरी काय? शेवटी डोकं धरते, केसांना हात घालते, जिवाच्या आकांताने मागे ओढते. ते तसेच मान वळवून माझ्याकडे बघतात.

"भावेश कुठे जातो गं ओकायला?"

मी ओटीवर उठून बसलेय. अंगणभर कावळे, जवळ्याची पार नासाडी चाललीय. मला हाकलायचंही सुचत नाही. उजवी मूठ इतकी आवळलेली की उघडता येत नाही. डाव्या हाताने एकेक बोट सोडवते. आत केस आहेत, पाच-सहा, पांढरे, ओले. माझे म्हणाल तर माझे हातभर लांब आहेत. हे बोटभर. जीभ लावून बघते. खारट. आम्ही दर्भाचा पुतळा करून जाळला होता हो, जाळायला दुसरं काही मिळालंच नव्हतं.

"भावेश!"

आतली खोली रिकामी. पिशवी नाही. घड्याळात चाराला दहा कमी.

टोपलीतल्या दोन भाकऱ्या, मीठ आणि आल्याचा एक गड्डा पदरात बांधते आणि धावत सुटते. पायात चप्पल नाही, डोक्यावर पदर नाही. वाटेत कोणीतरी विचारतं, "काय झालं गं, चांगुणाकाकी?" मी थांबत नाही.

धक्क्यावर सगळं गाव लोटलेलं. आमच्या बोटीचा दोर सोडतायत. भावेश कडेला उभा, तोंड पांढरंफटक, अजून बोट सुटलेली नाही तोवरच.

"ए, थांबवा! माझ्या पोराला बोट लागते!" मी बोंब मारते. "ऐकलंत का सगळ्यांनी? ओकतो तो! उपाशी आहे, मी ठेवलाय उपाशी!"

"आई, गप बस!" भावेशला धरणी दुभंगेल तर बरं, असं झालंय. सगळा धक्का माझ्याकडे बघतोय.

"नाही बसत गप. तुझ्या बापालाही लागायची. लाटेने नाही नेलं त्यांना. ओकताना गेले ते, एकटे, मागच्या बाजूला!"

हशा होईल म्हणून मी वाट बघते. कोणी हसत नाही. बुधाजी, जो आता आमच्या बोटीवर तांडेल आहे आणि त्या दिवशी खलाशी म्हणून होता, तो डोक्यावरची टोपी काढतो.

"वहिनी, तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी पदराची गाठ सोडायला घेते.

"आम्हाला ठाऊक होतं," तो खाली बघून बोलतो. "पहिल्यापासून. तांडेल मागे गेला की आम्ही सगळे तोंड फिरवायचो. मोठा माणूस, त्याला ओशाळं वाटू नये म्हणून. त्या दिवशी पण फिरवलं. बराच वेळ झाला तरी वळून बघितलं नाही. मान म्हणून, वहिनी."

मान म्हणून! मान म्हणून ह्यांनी पाठ केली, आणि मानासाठीच मी पोराला कोपऱ्यात पाठवत होते. मी कुणाला शिव्या देऊ?

"बाबांना पण?" भावेश विचारतो. किती महिन्यांनी तो माझ्या डोळ्यांत बघतोय.

मी भाकऱ्या त्याच्या हातात देते. "आधी ही खा, कोरडीच. आणि लांब बघ. खाली बघू नकोस." मग बुधाजीकडे वळते. "आजपासून माझ्या बोटीवर कोणी कुणाकडे पाठ करायची नाही. ऐकतोस ना?"

बोट सुटते. भावेश मधोमध उभा राहून भाकरी चावतोय. खाडीच्या तोंडाशी, जिथून दर्याचं हलणं सुरू होतं, तिथे तो भाकरी टाकून लगबगीने मागे जातो आणि वाकतो. मी धक्क्याच्या टोकापर्यंत धावते. मग दिसतं की खलाशी वळलेत, सगळेच्या सगळे. दोघं धावत गेलेत आणि त्यांनी माझ्या पोराला कंबरेला घट्ट धरलंय.