गोणीला कान

आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या गोदामात चिलगोजे, म्हणजे पाइनच्या बिया, तपासणारे एक काका आहेत. गोणीला कान लावला की आतली अळी कुरतडतेय की डुलकी काढतेय, एवढंही त्यांना कळायचं. काका आले की अळ्या श्वास रोखून धरतात, असं मी नव्या माणसाला शपथेवर सांगायचो. कीड सापडली की ते पाइनच्या बागवाल्याला व्हिडिओ कॉल लावून झापायचे, "हबीबी, पेड के नीचे गिरे हुए कोन उठाओ, जलाओ! कीडा वहीं पलता है!" तो आवाज फोनशिवायही बागेत पोचला असता.

हल्ली ते जास्तच ओरडतात. मागे फोर्कलिफ्टनं हॉर्न मारला तरी वळत नाहीत. साठी जवळ आलीय. व्हिसा नोकरीवर, आणि नोकरी कानावर.

परवा त्यांनी डोळे मिटून एका गोणीला बराच वेळ कान लावला. "क्लीन," म्हणाले. त्याच गोणीच्या शिवणीतून निघालेली पांढरी अळी त्यांच्या बाहीवर चढत होती.

मॅनेजर दारातूनच म्हणाला, "यल्ला, पास है ना?"

मी अळी चिमटीत उचलून मुठीत लपवली. "नहीं सर, काका बोल रहे हैं, कीडा है, पूरा लॉट फ्युमिगेशन को भेजो."

मॅनेजर मान हलवून गेला. काका माझ्या मुठीकडे बघत राहिले.

"तुला ऐकू आलं?"

"हो, काका."

एरवी गोदाम हलवणारा माणूस खाली बघत हळूच म्हणाला, "जरा मोठ्यानं बोल."