ताईच्या दुकानातला कोरा पडदा

अमरावतीहून अकोल्याला निघालेली एसटी बडनेऱ्याच्या पुढे गेली न गेली, तोच फोनवर पहिली तक्रार आली. नवी आवृत्ती घेतल्यावर पडदा कोरा दिसतो, एकही कळ चालत नाही. मूर्तिजापूर यायच्या आत आणखी काही जणांनी तेच लिहिलं.

मी लिनक्स या मोफत संगणकप्रणालीसाठी एका छोट्या प्रोग्रामचं पॅकेज सांभाळतो. पडद्यावरच्या खिडक्या एकमेकींवर न चढवता तो त्या फरशांसारख्या शेजारी-शेजारी बसवतो. सगळं काम कळफलकावर, माऊस लागत नाही, जुनाट संगणकावरही पळतो. प्रोग्राम लिहिणारा परदेशात असतो. मी त्याची प्रत्येक आवृत्ती कुणालाही एका आज्ञेत बसवता येईल अशी बांधून देतो. त्या सकाळी निघायच्या घाईत बांधली, माझ्याकडे चालली, आणि सगळ्यांसाठी सोडली.

लॅपटॉप घरीच राहिला होता. तक्रार करणाऱ्यांत एक अनुवादक होता. खांद्याच्या दुखण्यामुळे त्याला माऊस धरवत नाही आणि संध्याकाळपर्यंत काम पाठवायचं होतं. ‘बघतो’ असं लिहिलं खरं, पण बघणार कशावर? बोरगाव मंजूला ड्रायव्हर चहा प्यायला उतरला, तेव्हा उरलेली वाट पायी तुडवावी असं वाटायला लागलं.

अकोल्यात थोरल्या बहिणीचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. तिच्या जुन्या संगणकावरही मीच हा प्रोग्राम टाकला होता; नवी आवृत्ती तिथं आपोआप यायची. आत शिरलो तर बाकावर माणसं खोळंबलेली आणि ताई कोऱ्या पडद्यासमोर एकेक कळ दाबून पाहत होती.

“हे तूच पाठवलं ना?”

“हाव.”

“मंग आंधी कोणाले चालवून पाहाले नाई लावलं कावून?”

माझ्याकडे चालत होतं, असं मी म्हणालो. ती शांतपणे बोलली, “तुह्याकडे चाललं म्हून काय झालं? दुकान माहं बंद हाये.”

पीकविम्याच्या अर्जासाठी हिवरखेडहून आलेल्या एक बाई परतीच्या गाडीचं विचारत होत्या. मी खुर्चीत बसलो आणि तो प्रोग्राम वगळून, नुसत्या आज्ञा टाइप करायच्या काळ्या पडद्यावर गेलो. एकेक फाइल उघडून पाहिली. शेवटी कारण सापडलं. कोणत्या कळेनं काय व्हायचं ते ज्या फाइलमध्ये असतं, ती वाचायची जागा नव्या आवृत्तीनं बदलली होती. माझ्या संगणकावर ती दोन्हीकडे होती, बाकीच्यांकडे फक्त जुन्या जागी. मी पॅकेजमध्ये जुनी जागाही वाचायची सोय केली आणि ते पुन्हा बांधलं. ताईच्या पडद्यावर खिडक्या उघडल्या. बाईंचा अर्ज गेला, मग तिथूनच दुरुस्ती सगळ्यांसाठी सोडली.

अनुवादकाचं ‘चाललं’ एवढंच उत्तर आलं. तरी जेवताना माझं लक्ष फोनवरच. इतकी वर्षं तक्रार म्हणजे पडद्यावरचा मजकूर होता. वाट पाहणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली होती.

आता नवी आवृत्ती आधी ताईकडे जाते, दुपारी, दुकान रिकामं असताना. मागच्या वेळी छापायची खिडकी अर्धीच दिसते म्हणून तिनं आवृत्तीच अडवून धरली. परदेशातून प्रोग्राम लिहिणारा विचारत होता, उशीर का. मी त्याला लिहिलं, अकोल्याहून होकार आलेला नाही.