भांग बघून ये

नाय, त्या हरेशला म्हणावं तोंड सांभाळ. आख्ख्या तारापूरच्या किनाऱ्यावर सांगत फिरतो, पाम गावच्या माणसानं होडीत व्याह्याला भांग पाजली. पाजली. पण सांगितलं कोणी? त्यानंच ना! जना, तू तरी नीट ऐक. अशी फजिती झालीय की मला माझाच राग येतोय, आणि राग मला किती येतो तुला ठाऊक हाय.

माझ्या पोरीसाठी सरावलीचं स्थळ तूच आणलंस. पोराला पोरगी पसंत, पोरीला पोरगा पसंत, फक्त पोराच्या बापाचा होकार बाकी. तो कंपनीत सुपरवायझर. म्हणाला, एकदा समुद्रात मासे पकडायला न्या, तिथंच निवांत बोलून टाकू. पण आरामात हां, माझं पोट नाजूक हाय.

आता आपण शेतीवाले. समुद्र आपण बघतो तो बाजारात, टोपलीत. म्हणून हरेश तांडेलाला फोन केला. होडी त्याची, धंदा त्याचा. तो म्हणाला, "आरामात जायचं ना? मग भांग बघून ये. भांगाला पोटातलं पाणी हलत नाय. आदी कॅलेंडर बघ."

कॅलेंडर कशाला, तूच सांग. मला वाटलं, ड्राय डे असला तर भांग मिळायची नाय म्हणून. बघितलं. व्याह्याच्या सुट्टीच्या दिवशी ड्राय डे नव्हता. नुसती पुनव होती.

मग लागलो तयारीला. गादी घेतली, लोड घेतला, छत्री घेतली, मंडपवाल्याची लाल खुर्ची घेतली. बोईसरला चाळीत एक युपीवाला ओळखीचा हाय, त्याच्याकडं गेलो. तो विचारतो, "चाचा, होली तो गई, अब किसको पिलाओगे?" म्हटलं, समुंदर में जाना है. तर मी जीव द्यायला निघाल्यासारखा माझ्याकडं बघायला लागला. पण दुधात भांग-बदाम घोटून त्यानं कॅन भरून दिला.

किनाऱ्यावर हरेश इंजिन चालू करून उभा. गादी बघून हसला, लोड बघून परत हसला. मग म्हणाला, "अरे, आज भांग कुठला? आज उधाण हाय."

भांग कुठला म्हणे. याला भांग 'तो' का 'ती' एवढं कळत नाय, आणि हा मला हसतो. मी कॅन हलवून दाखवला. "तुझ्याकडं नसेल. माझ्याकडं भरपूर हाय."

इंजिनाच्या आवाजात त्याला काय ऐकू गेलं देव जाणे. म्हणाला, मला जाळं काढायला जायचंच हाय, बसा.

व्याह्याला खुर्चीत बसवलं, ग्लास दिला. सांगून दिला हां, चोरून नाय. तांडेलाचा सल्ला म्हटल्यावर त्यानं डोळे मिटून औषधासारखा घेतला.

मग होडी जी उठली ना! खुर्ची पुढं, व्याही मागं, छत्री गेली डहाणूकडं. व्याही ओकायला लागला. मी काय करू? दुसरा ग्लास दिला. पोटातलं पाणी हलतंय म्हणजे भांगच कमी पडली असणार, नाय का?

तिसरा ओतताना हरेशनं माझा हात धरला. "काय पाजतोस त्याला?"

"भांग. तूच बोललास."

त्यानं कॅन ओढून घेतला, मग फोड करून सांगितलं. अष्टमीच्या आसपास भरती बारकी असते, पाणी निजल्यासारखं राहतं, त्याला ही लोकं भांग म्हणतात. तो भांग. 'तो'च! पुनवेला पाणी उसळतं. कॅलेंडरात तिथी बघायची होती, आणि मी काय बघितलं? ड्राय डे.

तोवर व्याह्याला चढली. लोडाला मिठी मारून रडला, मग हसला, मग लोडालाच व्याही म्हणून लग्नाचा होकार दिला. मी म्हटलं, अहो, मी इकडं हाय. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि परत ओकला.

आठ दिवस झाले. काल फोन केला तर त्याची बायको म्हणाली, तुमचा आवाज ऐकला तरी ह्यांना मळमळतं. घरात पोरगी माझ्याशी बोलत नाय. होकार दिलाय तो लोडाला. तो मी धरायचा कसा?

सोयरीक तू आणलीस. ऊठ, गाडी काढ, सरावलीला जा, आणि हां का नाय ते त्याच्या तोंडून ऐकून ये.