पहिलं पाणी

आमच्या कॉलेजातल्या संशोधन केंद्राची पाटी आतल्या सूक्ष्मदर्शकापेक्षा पुष्कळ मोठी आहे. उद्घाटनाच्या पाहुण्यांनी पूर्वजांना सगळंच ठाऊक होतं, असं तासभर सांगितलं आणि सूक्ष्मदर्शकाला हार घातला. दुसऱ्या दिवशी भिंगावरची झेंडूची पाकळी काढून आम्ही कामाला लागलो.

काम साधं होतं. गावठी औषधांनी पेशीतल्या गुणसूत्रांना इजा होते का, हे कांद्याच्या मुळांवर पाहायचं. कांदा पाण्यावर ठेवला की मुळं फुटतात. ती दिवसभर काढ्यात बुडवायची, टोकं रंगवून काचेवर चिरडायची आणि बिघडलेल्या पेशी मोजायच्या.

एमएस्सीची एक विद्यार्थिनी सोनाळा गावची. तिची आई गुडघेदुखीवर एका मुळीचा काढा फुकट देते. मुळीचं नाव लिहीत नाही, उद्या कुणी कुदळ घेऊन निघेल. मुलीनं तपासायला तोच काढा आणला. दुसऱ्या कुणाचं औषध घे, असं मी सुचवलं. तिनं ऐकलं नाही, उलट मलाच कामाला लावलं.

"माह्या मायचं औषध हाय सर, डोया बेइमान व्हईल. काचायवर नुसते नंबर टाका. कोन्ती कायची, ते तुमच्याजवळच ठेवा."

नोकरीच्या इतक्या वर्षांत स्वतःच्या डोळ्यावर असा पहारा बसवणारं माणूस मी प्रथमच पाहिलं. मोजणी संपल्यावर मी यादी उघडली. साध्या पाण्याच्या काचा ठीक होत्या. काढ्याच्या काचांवर दुभंगणाऱ्या पेशींत गुणसूत्रं मध्येच अडकलेली, तुकडे मागे राहिलेले. तिनं पुन्हा मोजलं. आकडे तेच. अहवालात औषध कुणाचं हे नको लिहूया, असं मी म्हणालो; ते आठवलं की अजून ओशाळतो. ती म्हणाली, "पयले मायलेच दाखवू."

आई एसटीनं आली. एका डोळ्यावर पदर धरून तिनं आधी पाण्याची काच पाहिली, मग काढ्याची. पुन्हा एकदा पाण्याची पाहिली. मग मुलीला विचारलं, "काढा पयल्या पान्याचाच होता ना?"

आम्हाला कळेना. तेव्हा तिनं सांगितलं की तिची सासू मुळी उकळून पहिलं पाणी गुरांपासून लांब ओतून द्यायची आणि दुसऱ्या पाण्याचा काढा करायची. पुढे लोक म्हणू लागले, कडू लागत नाही, गुण येत नाही. मग हिनं पहिलं पाणी टाकणं सोडलं.

आम्ही दोन्ही पाणी वेगवेगळी तपासली. नंबर पुन्हा माझ्याकडे. पहिल्या पाण्यानं मुळं बिघडली. दुसऱ्याच्या काचा साध्या पाण्यासारख्याच निघाल्या. मी म्हणालो, कांद्याला चाललं म्हणजे माणसाला चाललं असं नाही.

"मंग दुसरंबी बंद," आई म्हणाली. लेकीनं घरोघर जाऊन समजावून सांगायची तयारी दाखवली.

"तू काऊन? पाजलं म्या. मीच सांगन."

ती दारोदार गेली. कुणी तोंड फिरवलं, कुणी तरीही तोच कडू काढा मागितला. तिनं दिला नाही. प्रबंधात कृतीखाली एक वाक्य तिनं लेकीला घालायला लावलं: 'सासू पहिले पाणी टाकत असे, ते टाकणे सुनेने सोडले, ही सुनेची चूक.' तपासणाऱ्या परीक्षकांना ते अशास्त्रीय वाटलं. उभ्या प्रबंधात याहून शास्त्रीय वाक्य नाही, असं मी त्यांना लेखी कळवलं. वाक्य राहिलं.

मागच्या महिन्यात सोनाळ्याला गेलो होतो. गुडघेवाले अजून येतात. ती त्यांना ओसरीवर बसवते, कोंड्याच्या पुरचुंडीनं शेकते आणि काढा का बंद केला ते प्रत्येकाला पहिल्यापासून सांगते. काढ्याचं पातेलं अंगणात पालथं होतं. त्यावर कोंबडी बसली होती.